जामद्याच्या उजव्या कालव्यावरच्या आप्पांना

आदरणीय आप्पा,

सा. न. वि. वि.

कजगावला गाडी एकदम फलाटाला लागली आणि धड आभार मानायचे राहिले. तुमचा नातू हे पत्र वाचून दाखवेल असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

धुळे-चाळीसगाव गाडीने जामद्याला उतरलो तेव्हा बेत एवढाच होता की बंधाऱ्यापासून उजवा कालवा धरायचा, बहाळवरून कजगाव गाठायचं आणि संध्याकाळची पॅसेंजर पकडायची. पहिल्याच चारीच्या, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या, गेटपाशी तुम्ही अहिराणीत विचारलंत, "कथा चालनात दादा?" म्हणजे कुठे निघालात. बेत ऐकला, फावडं खांद्यावर टाकलंत आणि म्हणालात, "चाला, मी येस संगे." तुमची नोकरी कधीच संपलेली, त्या दिवशी कालव्यावर तुमचं काही कामही नव्हतं. तरी आलात.

गिरणा धरण 1969 सालचं, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. पण धरणाचं पाणी आधी नदीच्याच पात्रातून खाली येतं, जामद्याला बंधाऱ्यावर अडतं आणि मग उजव्या-डाव्या कालव्यांत वळतं, हे मी तुमच्याबरोबर बांधावर उभा राहून पाहिलं. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी ठरलेल्या पाळीने सोडलेलं पाणी, चालू होतं. तुम्ही बाभळीची वाळकी शेंग पाण्यात टाकलीत आणि तिच्याबरोबर पावलं मोजत पुढच्या मोरीपर्यंत गेलात. मग पाणी मोजायच्या गेजपट्टीकडे न बघताच पाणी किती असेल ते सांगितलंत. पट्टीवर तेवढंच होतं! तुमचा हा हिशोब कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवा, आप्पा. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचतं ते अशा नजरेमुळे.

आणि ते खेकड्याचं बीळ. मला बांधावर नुसती ओल दिसली. तुम्ही वाकून बोट घातलंत, आतून पाणी झिरपत होतं. काळी माती आणि गवत कालवून गोळा केलात, बिळात दाबलात आणि टाचेने तुडवलंत. "आज बोटभर, उद्या हातभर," एवढंच बोललात. पाटाखालच्या शेतात गहू ओंबीवर आला होता. त्या शेतकऱ्याला हे कळलंही नसेल, त्याच्या वतीनेही आभार मानतो.

बहाळला थांबायचा आग्रह तुमचाच. गिरणेकाठची ती पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, जिथे 1950 च्या दशकात उत्खनन होऊन ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आली, आणि पलीकडच्या काठावरचं टेकवडे. बहाळच्या देवीच्या देवळातल्या शके 1144 च्या शिलालेखाबद्दलही तुम्हीच सांगितलंत. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी अनंतदेव, भास्कराचार्यांच्या घराण्यातला, याचं नाव तुम्ही घरच्या माणसासारखं घेत होतात. माझ्या मते चाळीसगाव तालुक्याच्या प्रत्येक शाळेने मुलांना एकदा तिथे चालत न्यावं.

जेवणाचं काय लिहू? फडक्यातली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा, मोठा वाटा माझ्यापुढे सरकवून "खा, आजून लई चालनं शे" म्हणालात. काकूंना सांगा, भाकरी थंड झाली तरी मऊ होती.

पुढे वेड्या बाभळींनी बांध अडला तेव्हा तुम्ही सोबत नसतात तर मी मागेच फिरलो असतो. कपाशीच्या शेतांतून आडवाटेने काढलंत, ओळखीच्या माणसाला हाक मारून विहिरीवर पाणी पाजलंत आणि स्टेशनच्या वाटेला लावूनही परत फिरला नाहीत. फलाटापर्यंत आलात. तुम्हाला अंधारात उलट जायचं होतं, आणि तुम्ही मात्र माझी गाडी चुकेल म्हणून काळजीत.

काढलेले फोटो पोस्टाने पाठवतोय, गेटजवळचा तुमचा मोठा करून घेतला आहे. आता डावा कालवा चालायचा आहे. पुढचं आवर्तन सुटलं की एक मिस्ड कॉल द्या, मी निघतोच. या वेळी भाकरी माझ्या घरची.

तुमचा,
जामद्याला उतरलेला धुळेकर