युरोपातील मानवी हक्क आणि आपली माणसे

संपादक महोदय,

पोर्तुगीज पासपोर्टावर युरोपात गेलेली माणसे गोव्याच्या बार्देश-सासष्टीत गावोगावी आहेत. त्यामुळे तिथल्या युरोपीय मानवी हक्क कराराला विरोध वाढतो, तेव्हा तो आपलाही प्रश्न असतो. पाठिंबा मिळवायचा तर आधी एक गल्लत दूर व्हावी. १९५० चा हा करार युरोपीय संघाचा नव्हे, ४६ देशांच्या युरोप परिषदेचा आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडले, करारातून नाही. शिवाय कराराच्या संरक्षणासाठी आपण राहतो त्या देशाचे नागरिक असणे गरजेचे नाही.

घोषणांनी काही होत नाही. वाट दाखवली की लोक हक्क आपले मानतात. या कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, स्ट्रासबर्ग (फ्रान्स) येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात शुल्क लागत नाही, पण आधी त्या देशातले न्यायालयीन मार्ग शेवटपर्यंत चोखाळावे लागतात. मग अंतिम निकालापासून ४ महिन्यांत (पूर्वी ६ होते) मूळ सहीचा अर्ज टपालाने पाठवायचा. पोर्तुगीजमध्ये लिहिला तरी चालतो. घात होतो तो इथेच: आवश्यक रकाना रिकामा राहिला किंवा निकालाची प्रत जोडली नाही, तर अर्ज सहसा नोंदलाच जात नाही आणि मुदत मात्र सरत राहते.

ही माहिती पंचायतींनी मराठी-कोंकणीत छापून, माणूस विमानात बसण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावी, ही कळकळीची विनंती.

— काही वाचक, म्हापसा