गॅरेजचं शटर तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गॅरेजमध्ये गुडघाभर चढलं होतं. नंतर गाडी धुतली, भिंती रंगवल्या. शटरकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. बाजूच्या पट्ट्यांत गाळ वाळून दगडासारखा झाला, खालची कड गंजत गेली. परवा नातू चेंडू काढायला वाकला आणि कमरेपर्यंत उचललेलं शटर खडखडत खाली आलं. सुनेने दंडाला धरून ओढलं म्हणून वाचला. माझे हात अजून कापतात.

वरच्या पाइपातली स्प्रिंग ढिली पडली होती. शटर अर्ध्यावर सोडलं तर जागीच थांबायला हवं. घसरलं, तर मिस्त्रीला बोलवा. स्प्रिंग घरी उघडू नका, पीळ एकदम सुटला तर हात मोडतो. बाजूच्या पट्ट्या मात्र आपणच पुसाव्यात. तिथे ग्रीस थापलं की धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे बरा.

मोटरचं शटर बसवणाऱ्यांनी, खाली कुणी असलं की शटर थांबवणाऱ्या सेन्सरचे पैसे वाचवू नयेत. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या मोटरला, कुणी दाराखाली अडकू नये यासाठीची सोय कायद्याने सक्तीची आहे. आपल्याकडेही ती सक्तीची व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक आजी, अकोटा, बडोदे