बेल वाजलीच नव्हती

दादा, नमस्कार.

तुम्हाला मी आठवत असेन की नाही माहीत नाही, तुमच्या कुरियरच्या हबवर रोज कितीतरी लोक तावातावाने येत असतील. मी ती कानाच्या मशीनवाली. वडिलांचं मशीन रिपेअरला पाठवलं होतं, ते परत येताना ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दिसत होतं आणि घरात पार्सलचा पत्ता नव्हता, ती.

मशीन मिळून आता आठवडा झाला तरी हे लिहिताना अजून गळा भरून येतोय, म्हणून जसं सुचेल तसं लिहिते.

आधी त्या चार दिवसांचं सांगते, म्हणजे तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच कळेल. कस्टमर केअरला मी किती वेळा फोन केला याची मोजदाद नाही. दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळी कहाणी, आणि दरवेळी तेच, "मॅडम सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड आहे." शेजारी विचारा. घरातल्या कुणीतरी घेऊन ठेवलं असेल, नीट बघा. एकाने तर सांगितलं की लोकेशन तुमच्याच पत्त्याचं येतंय, म्हणजे पार्सल तुम्हालाच मिळालंय. म्हणजे मी खोटं बोलतेय? ज्यांनी मशीन रिपेअर करून पाठवलं ते म्हणाले आमच्याकडून निघालं, आता कुरियरला विचारा, कुरियरवाले म्हणाले तक्रार पाठवणाऱ्याने करायची असते, तुम्ही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवून बंद केली आहे, आमच्या सेवेला रेटिंग द्या. तो मेसेज वाचून मी किचनमध्ये उभी राहून रडले. राग पार्सल हरवल्याचा नव्हताच, चुका होतात, पण एकानेही आपली चूक असू शकते एवढं तरी मनात आणून बघितलं नाही याचा होता.

आणि यात सगळ्यात वाईट काय झालं तर त्यातल्या एका बाईंनी सांगितलं, "आमच्या मुलाने बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही म्हणून दाराशी ठेवलं." त्या दिवशी दुपारी घरात एकटे बाबाच होते. मशीनशिवाय त्यांना बेल ऐकू येत नाही. मी हे त्यांना सांगायला नको होतं, पण चिडून फोनवर मोठ्याने बोलत होते आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं, मग खोदून खोदून विचारलं. तेव्हापासून त्यांनी धरूनच घेतलं की आपल्याला बेल ऐकू आली नाही, दाराशी ठेवलेलं कुणीतरी उचललं, आपल्यामुळे गेलं. दुपारची झोप सोडून दाराजवळ खुर्ची टाकून बसायला लागले. मी पाटीवर लिहून सांगायचे की बाबा तुमची काही चूक नाही, ते मान हलवायचे आणि तिथेच बसून राहायचे. त्या मशीनचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा भाग, त्यांच्या कानाच्या मापाचा आहे हो, आवाजाचं सेटिंग त्यांच्या टेस्टप्रमाणे केलेलं आहे. ज्याने उचललं असेल त्याला त्याचा शून्य उपयोग, आणि आमचं सगळं घर त्यावाचून अडलेलं. लोक म्हणत होते रिफंड मागा. रिफंड घेऊन काय कानात घालणार?

तर असल्या मनःस्थितीत मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले आणि जे काही बोलले ते आवाज चढवूनच बोलले असेन, त्याबद्दल माफ करा. तुम्ही हातातलं स्कॅनर खाली ठेवलंत. मी थांबेपर्यंत मध्ये एक शब्द बोलला नाहीत. ट्रॅकिंग नंबर लिहून घेतलात आणि म्हणालात, "डिलिव्हरीच्या वेळी काढलेला फोटो उघडून बघतो ताई, सहाला फोन करतो."

खरं सांगते, मी विश्वास ठेवला नाही. असे "करतो" मी चार दिवस ऐकत होते.

सहाला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. मला वाटलं मिळालं. तुम्ही म्हणालात, "ताई, पार्सल अजून मिळालेलं नाही." आणि मग विचारलंत, तुमच्या दाराचा रंग कोणता. मी म्हटलं तपकिरी, लाकडी आहे. तुम्ही म्हणालात, "फोटोतलं दार निळं आहे. बाबांना सांगा, बेल तुमच्या घरी वाजलीच नव्हती."

दादा, हा फोन करायची तुम्हाला काही गरज नव्हती. पार्सल सापडलं नव्हतं, सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीच नव्हतं, बाकीच्यांसारखं तुम्हीही सापडेपर्यंत गप्प बसू शकला असता. आणि बाबांचं मी तुमच्याकडे रागाच्या भरात एकदाच बोलून गेले होते. पार्सलचं सगळेच विचारत होते, बाबांचं तुमच्या एकट्याच्या लक्षात राहिलं.

मी ते वाक्य पाटीवर लिहिलं नाही, कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग उठले, खुर्ची उचलून आत ठेवली आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डिलिव्हरीवाल्या त्या मुलाला सोबत घेऊन आलात. बी विंगमध्ये त्याच नंबरच्या घरासमोर ठेवलं होतं, ते लोक बाहेरगावी, समोरच्यांनी बिचाऱ्यांनी चांगुलपणाने आत घेऊन ठेवलेलं. दोन्ही विंग एकाच गेटमध्ये, नकाशावर ठिपका एकच, म्हणून लोकेशन बरोबर येत होतं. कुणी तो एक फोटो पहिल्याच दिवशी उघडला असता तर! तो मुलगा मान खाली घालून सॉरी म्हणाला, तुम्ही त्याच्यावर आमच्यासमोर ओरडला नाहीत, पार्सल त्याच्याच हाताने बाबांना द्यायला लावलंत, हेही मला फार आवडलं. दिवसभर जिने चढणाऱ्या पोराकडून विंग चुकू शकते. चुकलं म्हणणारा माणूस समोर आला की निम्मा राग तिथेच जातो, आम्हाला तेवढंच तर हवं होतं.

त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. नंबर आहे, तो मी "सहाचे दादा" म्हणून सेव्ह केलाय.

आणि एक, बाबांना तुमच्याशी स्वतः बोलायचंय, रोज विचारतात लावला का फोन. आता फोनवरचं त्यांना नीट ऐकू येतं. तुमची ड्युटी संपल्यावर, संध्याकाळी कधी केला तर चालेल का?