रडारचा पल्ला फक्त किलोमीटरमध्ये मोजू नये

हवामान रडारांवरील आपल्या लेखात ‘पल्ला 450 किलोमीटर, म्हणजे एका रडारमध्ये निम्मा महाराष्ट्र’ असा हिशेब मांडला आहे. तो पटत नाही. रडार सेकंदाला किती पल्स (रेडिओलहरींचे छोटे झोत) सोडते यावर पल्ला आणि वाऱ्याचा वेग या दोन्हींची मर्यादा ठरते आणि एक वाढवली की दुसरी घटते. सेकंदाला 300 पल्स सोडल्यास 500 किलोमीटरपर्यंतचे ढग दिसतील, पण मुंबईत वेरावलीला आहे तशा सी-बँड रडारला (तरंगलांबी सुमारे 5.3 सेंटिमीटर) सेकंदाला जेमतेम 4 मीटरपर्यंतचाच वेग निःसंदिग्ध कळेल. वादळात त्याचा काय उपयोग? पल्स 1000 केल्या तर ही मर्यादा 13 मीटरवर जाते, पण पल्ला 150 किलोमीटरवर येतो आणि 200 किलोमीटरवरचे वादळ पडद्यावर 50 किलोमीटरवर उमटते, कारण त्याचा प्रतिध्वनी पुढची पल्स सुटल्यावर पोहोचतो आणि तिचाच समजला जातो.

यातून वाट पल्सच्या रचनेतच आहे. दोन पल्समधील अंतर आलटून-पालटून 1 आणि 1.5 मिलिसेकंद ठेवले, तर वेगाची मर्यादा 26 मीटरपर्यंत जाते. मात्र असमान अंतरांमुळे डोंगर-इमारतींचे प्रतिध्वनी गाळणे अवघड होते. सह्याद्रीलगत ही अडचण किरकोळ नाही. प्रत्येक पल्सला वेगळी कला (फेज, म्हणजे लहरीच्या चक्रातील स्थिती) देऊन दूरचे आणि जवळचे प्रतिध्वनी वेगळे काढण्याची पद्धत अमेरिकेच्या हवामान रडारांत वापरात आहे. म्हणून रडारखरेदीच्या निविदांत पल्ल्याइतकाच तपशील या प्रक्रियेचाही मागावा आणि वाऱ्याच्या मापनासाठीचे जाळे 150 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळांनी आखावे.

– एक वाचक, पुणे