अमेरिकेच्या मंत्र्यांना खुले पत्र: कावळ्याला किती थापा मारायच्या?

मा. मंत्री महोदय,
देशांतर्गत सुरक्षा खाते, वॉशिंग्टन

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या महिन्यात माझी आई वारली. तासगाव तालुक्यात, आमच्या गावी. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भाऊ मोबाइल उंच धरून उभा होता आणि मी इथे न्यू जर्सीत रात्री एक वाजता दुकानाच्या मागच्या खोलीत, कोल्ड्रिंकच्या खोक्यांवर बसून ते बघत होतो. तासभर गेला. शेवटी भाऊ हात जोडून म्हणाला, "आई, दादाचे कागद होत आलेत. तो येतोय." तेव्हा कावळा उतरला.

कागद होत आलेले नाहीत. ते आपल्या खात्यात पडून आहेत, 2018 पासून.

आपल्या देशात यू व्हिसा नावाचा प्रकार आहे. आपणास ठाऊक असेलच, तरी सांगतो, कारण आपल्या खुर्चीवरची माणसं बदलतात, आम्ही अर्जदार मात्र तेच राहतो. 2000 साली काँग्रेसनं कायदा केला, क्लिंटनसाहेबांनी सही केली. परदेशी माणसावर गंभीर गुन्हा झाला आणि त्यानं तपासात मदत केली, तर त्याला इथे राहू द्यायचं. कारण साधं होतं. हद्दपारीच्या भीतीनं आमच्यासारखे पोलिसांकडे जात नाहीत, आणि हे आमच्याआधी चोरांना ठाऊक असतं. कायदा चांगलाच आहे. नियम तयार व्हायला फक्त 2007 उजाडलं. आमच्याकडे म्हणतात, सरकारी काम, सहा महिने थांब. तुमच्या मानानं आमचं सरकार घाईचं म्हणायचं.

आता माझं. मी 2009 साली पर्यटक व्हिसावर आलो आणि परत गेलो नाही. चूक माझी, ती लपवत नाही. गॅस स्टेशनच्या दुकानात रात्रपाळी धरली. फेब्रुवारी 2017 मध्ये दोघे आत आले. एकानं पिस्तूल दाखवलं, दुसऱ्यानं गल्ला मोकळा केला, आणि निघता निघता पिस्तूलवाल्यानं दस्ता माझ्या कानावर हाणला. एकोणीस टाके. डाव्या कानात अजून शिट्टी वाजते, आत्ता लिहितानाही वाजतेय. मालक म्हणाला, पोलिसांत जाऊ नकोस, तुझेच वांधे होतील. तपास करणारा अधिकारी मात्र दवाखान्यात येऊन बसला. "तुम्ही आम्हाला मदत करा, आम्ही तुम्हाला करू." माणूस चांगला होता. मी ओळख पटवली, कोर्टात उभा राहिलो, पिस्तूलवाल्याकडे बोट करून "हाच तो" म्हणालो.

मग वकीलबाईंनी गंमत सांगितली. यू व्हिसाच्या गुन्ह्यांच्या यादीत दरोडा नाहीच! गंभीर मारहाण आहे. म्हणजे नुसतं पिस्तूल रोखून गल्ला नेला असता, तर माझी बाजू लंगडी पडली असती. "तुम्हाला मारलं ते बरं झालं," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला ऐकू तसंच आलं. चांगल्या कानानं.

पोलिसांच्या सहीचा एक कागद लागतो, सप्लिमेंट बी. तो द्यायलाच हवा असं केंद्राचा कायदा सांगत नाही, साहेबांची मर्जी. नाही दिला तर दाद मागायला जागा नाही. मला तो मिळवायला चौदा महिने लागले. आणि सही झाली की सहा महिन्यांत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर कागद बाद. म्हणजे मुदत आम्हाला, तुम्हाला काही नाही. 2023 साली उत्तर आलं की अर्ज प्रथमदर्शनी खरा वाटतो, हे घ्या चार वर्षांचं वर्क परमिट. पाच वर्षं वाचून तुम्हाला एवढं कळलं की मी थापाड्या नाही. आभारी आहे.

व्हिसा मात्र रांगेत. वर्षाला मुख्य अर्जदारांना दहा हजार, त्यापेक्षा एक जास्त नाही. पडून असलेले अर्ज दोन लाखांच्या वर. आमच्या झेडपीच्या शाळेतलं चौथीचं पोरगंही भागाकार करून सांगेल, वीस वर्षं. 2013 मध्ये तुमच्या सिनेटनं हा आकडा अठरा हजार करणारं विधेयक 68 विरुद्ध 32 मतांनी मंजूर केलं होतं. खालच्या सभागृहानं ते मतालाच घेतलं नाही. आम्हाला मत नाही, मग आमच्यासाठी कोण कशाला हात वर करेल?

तोवर देश सोडायचा नाही. सोडला तर माझ्यासारख्याला दहा वर्षं परत यायला बंदी. आईला डोळाभर बघायचं की सतरा वर्षांचं सगळं आयुष्य सोडायचं, हे मला विमानाचं तिकीट समोर ठेवून ठरवावं लागलं. ठरवलं. त्यावर काही बोलत नाही.

ज्यानं मारलं तो सुटला. त्याच्या सुटकेची खबर मला फोनवर आपोआप आली, पीडितांसाठी तशी सोय आहे. किती तत्पर! तो कधी सुटला ते यंत्र मला सांगतं, मी कधी सुटणार ते कुणीच सांगत नाही.

आणि मध्येच यू व्हिसासाठी रचलेले हे खोटे दरोडे. मॅसॅच्युसेट्समध्ये टोळीनं दुकानांत भाड्याचा दरोडेखोर पाठवला, कॅमेऱ्यासमोर पिस्तूल नाचवलं, तो पळून गेल्यावर पाच-पाच मिनिटं थांबून मग पोलिसांना फोन. म्होरक्याला 2025 मध्ये वीस महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी लुइझियानात आजी-माजी पोलीस प्रमुखांवरच आरोपपत्र: न घडलेल्या दरोड्यांचे कागद, नावामागे 5,000 डॉलर. त्यात आमच्याकडची आडनावं वाचून मान खाली गेली. पण शिक्षा आम्हाला का? आता ओळखीचा माणूसही हसत विचारतो, "तुझा खरा होता ना रे?" मी टोपी काढून टाके दाखवतो. पावती म्हणून.

असे अर्ज पडून असलेल्यांना उगाच पकडू नका, अशी 2021 ची सूचना होती. जानेवारी 2025 मध्ये तीही मागे घेतलीत. म्हणजे साक्ष द्यायला पत्ता मागितलात, बोटांचे ठसे घेतलेत, आणि आता त्याच पत्त्यावर येऊ शकता. पिस्तूलवाल्यानं निदान फक्त गल्ला मागितला होता.

आमच्याकडचे पुढारीही काही कमी नाहीत. इथे न्यू जर्सीत एडिसनला येतात, हार घालून घेतात, परदेशातल्या मराठी माणसाचा अभिमान सांगतात. तो अभिमान गाडीवाल्यांचा. रात्रपाळीवाल्याशी सेल्फी काढायला कुणी दुकानात येत नाही, फार तर पाण्याची बाटली घ्यायला येतात. तहसील कचेरीतला भाऊसाहेब निदान तोंडावर "उद्या या" म्हणतो हो! तुमच्या वेबसाइटवर माझ्या नंबरापुढे एकच ओळ आहे, वर्षानुवर्षं तीच.

मागणं फार नाही. दहा हजारांचा आकडा वाढवायला काँग्रेसला सांगा. आईबाप गेले तर जाऊन परत येऊ द्या. मला त्याचा आता उपयोग नाही, दुसऱ्या कुणाला होईल.

परवा पलीकडच्या चौकातल्या दुकानात दरोडा पडला. काऊंटरवर नाशिककडचा पोरगा असतो, चोवीस-पंचवीसचा, कागद नाहीत. ओठ फुटलेला. त्यानं मला फोन केला, "काका, पोलिसांना बोलवू का?" मी म्हटलं, आधी बर्फ लाव. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग पुन्हा तेच विचारलं. मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.

कळावे,
रांगेतला एक अर्जदार