त्या रविवारांसाठी

ताई,

पाच दिवस, रोज साधारण 100 किलोमीटर. शेवटच्या मुक्कामी सायकल भिंतीला टेकवली आणि पहिली तुमची आठवण आली. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

बारा आठवड्यांपूर्वी मी दुखरा गुडघा घेऊन तुमच्याकडे आले होते. आठवड्याला जेमतेम 80 किलोमीटरची सवय, आणि एका रविवारी एकदम 100 मारले होते. पुढच्या रविवारी परत तेच करायचा बेत होता. तुम्ही रागावला नाहीत. माझी सीट खाली होती, ती तुम्ही वर घेतलीत. पेडल तळाला असताना गुडघा जरासाच वाकेल इतकी. गिअर हलका ठेवून मिनिटाला 80-90 फेरे मारायला लावलेत. मग माझी वही मागून घेतलीत आणि त्यात एक रकाना आखलात: गुडघा. ‘दम काही आठवड्यांत वाढतो, कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) पक्क्या व्हायला महिने लागतात,’ हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ. 80, 88, 96 आणि चौथ्या आठवड्यात चक्क 70! तेव्हा मी तुमच्याशी वाद घातला होता, आठवतं? अंग हलकं वाटत असताना कमी का चालवायचं, ते मला पटत नव्हतं. पाचव्या आठवड्यात 105 सहज झाले तेव्हा पटलं.

पण खरे आभार रविवारांचे. शनिवारी लांब चालवायचं आणि रविवारी, पाय जड असताना, पुन्हा निघायचं. पहिल्या रविवारी सीटवर बसवतही नव्हतं. तुम्ही शेजारून चालवत मला प्रश्न विचारत राहिलात. उत्तर देताना धाप लागली की वेग कमी करायचा. चाळिसाव्या किलोमीटरला मी पार रिकामी झाले, कारण आदल्या दिवशी भूक नाही म्हणून खाल्लं नव्हतं. ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा, साठा दीड-दोन तासांत ओसरू लागतो, भुकेची वाट पाहायची नाही, हे त्या दिवशी अंगाला कळलं. त्यानंतर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, घड्याळ लावून. सामानाच्या पिशव्या लावून सराव करायला लावलात, तेही बरं केलंत. भरलेली सायकल चढावर आणि ब्रेक दाबताना अगदी वेगळी वागते.

शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणायला सांगितलंत, तेव्हा मी वाद घातला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून समोरून वारा होता आणि पुढे लांब चढ. पाय अगदी त्या रविवारांसारखे जड. ओळखीचेच वाटले. गिअर हलका केला आणि शेजारच्या सायकलस्वाराशी बोलत बोलत चढ संपवला.

वही तुमच्याकडे पाठवते आहे. शेवटच्या पानावर पाच दिवसांचे आकडे आहेत. गुडघ्याच्या रकान्यात पाचही दिवस एकच शब्द आहे: ठीक.

तुमची,
रविवारची सोबतीण