चिन्ह जुळले म्हणजे रचना ठरली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान पुरवणीतला कायरल रेणूंवरचा, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखी परस्परांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असणाऱ्या रेणूंवरचा, लेख वाचला. संगणकावर ऑप्टिकल रोटेशन (रेणू ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती अंशांनी फिरवतो तो आकडा; उजवीकडे +, डावीकडे −) काढायचे, पोलॅरिमीटर या मोजयंत्रावर आलेल्या आकड्याशी चिन्ह ताडून पाहायचे, की रेणू त्या दोन रूपांपैकी ‘आर’ की ‘एस’ हे कळले, असे लेखकांनी लिहिले आहे. इतके सोपे असते तर काय हवे होते!

नैसर्गिक द्रव्यांवरचे प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. त्यांत हाच तर्क असतो: आर रचना धरून संगणकाचे उत्तर +८ अंश, मोजमाप +११, म्हणून रचना आर. तोंडी परीक्षेत मी विचारते, एस धरली असती तर −८ आले असते ना? ते +११ पासून किती लांब? १९ अंश. आणि नेहमीच्या डीएफटी या संगणकीय क्वांटम पद्धतीत ताठ, म्हणजे आकार न बदलणाऱ्या, रेणूंच्या बाबतीतही २० ते ३० अंशांची चूक सहज होते. मग निवाडा कशाच्या जोरावर केला?

लवचीक रेणूंचे दुखणे याहून मोठे. समजा, एका रेणूच्या दोन ठेवणी (बंध न तोडता नुसते वळून घेतलेले आकार) आहेत, एकीचे रोटेशन +१५०, दुसरीचे −१२०. दोन्ही निम्म्या-निम्म्या असतील तर सरासरी +१५. प्रमाण ४०:६० झाले की −१२. हे प्रमाण पालटायला खोलीच्या तापमानाला ऊर्जेत पाव किलोकॅलरीचा फरक पुरतो, आणि तेवढी अचूकता आपल्या गणितात क्वचितच असते. त्यात द्रावकाची भर. प्रॉपिलीन ऑक्साइडचा तोच रेणू बेंझिनमध्ये एका दिशेला प्रकाश वळवतो, पाण्यात उलट दिशेला.

गणित निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच नाही. रोझेनफेल्ड यांनी १९२८ मध्ये ऑप्टिकल रोटेशनचे सूत्र मांडले. प्रत्यक्ष रेणूंसाठी मूलभूत क्वांटम पद्धतीने ते आकडे काढून दाखवले प्रसाद पोलावरपू यांनी, १९९७ मध्ये. गणिताशिवाय नुसते चिन्ह पाहून तर काहीच कळत नाही: एस-लॅक्टिक आम्ल दक्षिणवलनी (+), त्याचाच सोडियम क्षार वामवलनी (−), कार्बनभोवतीची मांडणी मात्र तीच. हेक्साहेलिसीनसारखा ताठ रेणू असेल, ज्याचे विशिष्ट रोटेशन साडेतीन हजार अंशांच्या पुढे जाते, तर मी शंका न काढता सही करीन.

आकडा लहान असेल तर सोडियमच्या प्रकाशाच्या ५८९ नॅनोमीटर या नेहमीच्या तरंगलांबीवर थांबू नये. पाऱ्याच्या ५७८, ५४६, ४३६ आणि ३६५ या रेषांवरही मोजावे आणि गणितही तिथे करावे. तरंगलांबी घटते तसे रोटेशन बहुधा वाढते. त्या वाढीचे वळण दोन्हीकडे जुळले तर बोलायला जागा आहे. तरीही संशय उरला, तर व्हीसीडी वर्णपट (रेणू डाव्या आणि उजव्या वर्तुळध्रुवित अवरक्त प्रकाशाचे शोषण किती वेगवेगळे करतो, त्याचा आलेख) घ्यावा. त्यात एका आकड्याऐवजी डझनभर पट्टे ताडता येतात. लेखात व्हीसीडीचा उल्लेखही नव्हता. पुरवणीच्या एखाद्या अंकात त्यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका